ताटातून काढलेलं

४ फेब्रुवारी

पोरी,

आशीर्वाद तुला जन्मल्या दिवशीच दिलेत, ते पुन्हा लिहून शाई घालवत नाही. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. फोन करू नकोस हे आधीच सांगते. माझा उजवा कान गेला आणि डावा जायच्या बेतात आहे. फोनवर मी हो हो म्हणते ते ऐकू आलं म्हणून नाही, समोरच्यानं गप्प बसावं म्हणून. तेव्हा लिही. मला वाचता येतं. शाळेत दोनच वर्षं गेले, पण इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं गाठोड्यांना वॉर्डांच्या चिठ्ठ्या बांधल्या, त्यातून हात बसला. अक्षर मोठं येतं, कारण वाफेतून वाचता यावं लागायचं.

तीन महिने अंगावर पित्ताच्या गांधी उठतात आणि तू मला आत्ता कळवतेस. सकाळी मांडीवर, दुपारी पाठीवर, संध्याकाळी कुठेच नाही, आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून. माहीत आहे मला. तुझ्या आईलाही असंच व्हायचं. एक गांध एका जागी दिवसभर टिकायची नाही, भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखी जागा बदलायची.

डॉक्टरनं गोळी दिली म्हणतेस. गोळी खाज दाबते, चोर पकडत नाही. चोर आपणच पकडायचा असतो.

धुलाईघरात मला फौजदारीण म्हणायचे ते उगाच नाही. पांढऱ्या चादरी गुलाबी होऊन निघाल्या की बाकीच्या बाया एकमेकींची तोंडं बघत बसायच्या. मी ढीग खाली ओतायची. एक कपडा बाजूला काढायचा, बाकीचे पुन्हा उकळायचे, पाणी बघायचं. मग दुसरा काढायचा. पाणी स्वच्छ आलं की समजायचं, शेवटी काढला तोच रंग सोडत होता. एकदा एका सर्जनचा लाल मोजा निघाला. एवढा मोठा माणूस आणि मोजे असे.

ताटाचंही तसंच करायचं. आठवड्याला एक वस्तू बंद. जी जास्त आवडते ती सगळ्यात आधी. आपण आवडत्या गोष्टीवर संशय घेत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करायची. आठ दिवस बघ. उठलं तर पुढची वस्तू काढ. दयामाया नाही.

पहिलं अंडं बंद कर असं लिहिणार होते, पण ते तू खातच नसशील.

तुझ्या मिरीला पापा. लेक सहा वर्षांची झाली म्हणजे दात पडायला लागले असतील. ते मला पाठवू नका. मी माझेच वाटीत घालून ठेवते.

आजी


१६ फेब्रुवारी

आजी,

अंडं मी सहा वर्षांची असल्यापासून खाल्लेलं नाही. का ते तुला माहीत आहे, म्हणून तो विषय नको.

मला सगळ्यात जास्त दुधाचा चहा आवडतो, म्हणून पहिलं दूध बंद केलं. आज आठवा दिवस. सकाळी डावी पापणी एवढी सुजली होती की मिरी म्हणाली, आई, तू मला डोळा मारतेयस का? मी हो म्हटलं. मग ती शाळेत जाईपर्यंत मला उलटा डोळा मारत होती.

माझं काम तुला माहीत आहे. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत मी काचा घासते. काच चाकावर धरायची आणि फ्रेमच्या मापाला तिची कड उतरवायची. केसाएवढी जास्त उतरली तर काच सुटते, कमी उतरली तर बसवताना तडकते. एका डोळ्यानं ते जमत नाही. गेल्या पंधरवड्यात माझ्या हातून पाच काचा गेल्या. आधी वर्षाला दोन जायच्या. मालकांनी मला आठवडाभर पुढे काउंटरवर उभं केलं. तिथे मी दिलेला चष्मा एका बाईंनी रुमालानं दोनदा पुसला आणि मग डोळ्यांवर चढवला. माझ्या मनगटावर तेव्हा उठलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, तुम्ही मागेच बऱ्या.

पिशवीचा पट्टा जिथे रुततो तिथे उठतं. मोज्याच्या रबराखाली उठतं. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहते, तेवढी एक सोय झालीय.

मिरीचे बाबा जहाजावर आहेत, सप्टेंबरच्या आत येत नाहीत. त्यांना कळवलेलं नाही. ही नोकरी गेली तर तेव्हा एकदमच कळवीन.

आईला हे व्हायचं, असं तू आज पहिल्यांदाच कबूल केलंस. मला वाटायचं, मलाच काहीतरी भलतं आठवतंय. तिच्या वेळी शेवटी काय निघालं? चोर सापडला होता का?

तुझी नात


२७ फेब्रुवारी

पोरी,

दूध बंद केलंस ते चांगलं केलंस. उठतंय म्हणजे दूध निर्दोष, सुटलं. पण परत सुरू करू नकोस. एकदा बाजूला काढलेला कपडा आपण पुन्हा ढिगात टाकत नव्हतो.

आता गहू आणि टोमॅटो काढ. मग डाळी. मग मासे, मग शेंगदाणे. आठवड्याला एक म्हणाले होते, आता दोन दोन काढ. तुझा मालक तुझ्या अंगाची वाट बघत बसणार नाही. घरात मांजर आहे ना, तेही घालवून टाक. साबण बदल. माझी शेजारीण म्हणते, हे हवेमुळे होतं. हवा कशी बंद करायची ते मात्र तिला माहीत नाही. तिच्या सुनेला माहीत असावं, ती बिचारी त्या घरात श्वास रोखूनच वावरते.

तुझ्या आईचा चोर सापडला नाही, कारण ती माझं ऐकायची नाही. पाठ वळली की तोंडात काहीतरी टाकायची. मग तिला निमोनिया झाला आणि ती गेली. निमोनिया वेगळा आणि हे वेगळं. त्यांची सांगड घालू नकोस. तू तिच्यासारखी करू नकोस एवढंच मी म्हणते.

वही ठेव. काय काढलं आणि कधी काढलं ते लिही. मी ठेवली होती.

आजी


२४ मार्च

आजी,

गहू, टोमॅटो, डाळी, मासे, शेंगदाणे, संत्री, बटाटे, कांदा, मध. वही ठेवली आहे. आता मी भात, मीठ आणि उकडलेला भोपळा खाते. साडेसात किलो वजन उतरलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकावर आहे, आणि त्या पट्ट्याखाली उठायचं काही थांबलेलं नाही.

मांजर वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना दिलं. जिन्यात भेटतं. माझ्याकडे बघत नाही.

गेल्या सोमवारी ओठ सुजले. मंगळवारी चाकासमोर चक्कर आली. काच हातातून सुटली ती अंगठ्यात घुसली. तीन टाके पडले. मालक स्वतः मला टाके घालायला घेऊन गेले, त्यामुळे ते वाईट माणूस आहेत असं मला म्हणता येत नाही. परत येताना म्हणाले, एप्रिल संपेपर्यंत बघू, पुढे मला दुसरी कुणी शोधावी लागेल.

मिरी हल्ली माझ्यासमोर जेवत नाही. थाळी घेऊन दारामागे जाते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. मी तिला तसं कधी सांगितलेलं नाही.

पुढे काय काढू ते लिही. आता ताटात ताटच उरलंय.

तुझी नात


१ एप्रिल

पोरी,

सगळं काढलं असतंस तर थांबलं असतं. थांबत नाही म्हणजे काहीतरी राहून जातंय. एकतीस वर्षांत हा हिशेब चुकलेला मी पाहिला नाही.

पोरगी दारामागे का बसते? तिचे खिसे बघ. तुझ्या आईच्या वेळीही शेवटी तिथेच सापडलं होतं.

आजी


१४ मे

आजी,

दीड महिना लिहिलं नाही. आता सगळं एकदम लिहिते, शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मिरीचे खिसे बघितले. शाळेचा कोट खुंटीवर होता. उजव्या खिशात कागदी रुमालात गुंडाळलेली दोन बिस्किटं होती, डाव्यात अर्धा उकडलेला बटाटा. शाळेतल्या जेवणातला, एका बाजूला तिचेच दात उमटलेले. ती मागे येऊन उभी राहिली होती ते मला कळलंच नाही. म्हणाली, तू झोपलीस की तुझ्या तोंडात घालणार होते. आणि तिनं दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. मी तिला आजवर एक चापट मारलेली नाही. हे ती कुठे शिकली?

मी तोंड उघडलं आणि तुझं ते व्हरांड्यातलं वाक्य माझ्या जिभेवर आलं. सबंध वाक्य, तुझ्या आवाजात. ते मी गिळलं आणि वर तो बटाटा खाल्ला. तिथेच, खुंटीपाशी उभी राहून, तिच्यासमोर. दुसऱ्या दिवशी उठलं ते रोजच्यासारखंच. ना कमी, ना जास्त.

मग मी मोठ्या हॉस्पिटलात कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. वयस्कर बाई आहेत, केसांत पेन्सिल खोचतात आणि मग टेबलभर शोधतात. त्यांनी माझी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मिटून माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, एक परीक्षा करू, पण तीन दिवस गोळी बंद ठेवायला लागेल. त्या तीन दिवसांबद्दल लिहीत नाही.

माझं रक्त काढलं. यंत्रात घालून फिरवलं, तसा लाल भाग खाली बसला आणि वर पिवळसर पाणी राहिलं. मग माझ्या हातावर तीन टोचे मारले. एका टोच्यात नुसतं मिठाचं पाणी. एकात कुणाच्याही अंगावर उठतं असं औषध. आणि तिसऱ्यात माझंच ते पिवळं पाणी. अर्धा तास हात टेबलावर ठेवून बसायचं. मिठाचं पाणी गप्प राहिलं. औषधाचं उठलं. आणि माझं उठलं, आजी. माझंच रक्त माझ्याच कातडीखाली घातलं आणि रुपयाएवढी गांध उठली.

डॉक्टरबाईंनी समजावलं ते मला समजलं तसं लिहिते. कातडीखाली काही पेशी असतात, त्यांत खाज आणि सूज आणणारा रस भरलेला असतो. बाहेरून काही वाईट आत शिरलं तर तो रस सोडायचा, हे त्यांचं काम. शरीराची एक फौज असते, बाहेरच्यांशी लढणारी. माझ्या फौजेनं आपल्याच पेशींना परकं धरलंय. रक्तातून शिपाई जातात आणि त्यांना विनाकारण डिवचतात, की त्या रस सोडतात. असं का होतं ते नक्की कुणालाच माहीत नाही, असं त्या सरळ म्हणाल्या. एका टोच्यावर सगळं ठरत नाही म्हणून रक्त आणखी तपासलं. गळ्यातल्या थायरॉइडवरही हीच फौज चालून गेलीय, ते त्यात निघालं. आता रोज चार गोळ्या, तेवढ्यानं भागलं नाही तर महिन्याला एक इंजेक्शन. बऱ्याच जणांचं काही वर्षांनी आपोआप शमतं म्हणाल्या. आणि म्हणाल्या, "तुमच्या ताटानं तुमचं काहीही वाकडं केलेलं नाही. आजपासून जेवा."

शेवटी त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का. मी आईचं सांगितलं. कशानं गेल्या? निमोनियानं. वजन किती होतं तेव्हा? मला सांगता आलं नाही.

आता मला लिही. त्या रविवारी मी माझ्या ताटातलं अंडं फ्रॉकच्या खिशातून आईला नेऊन दिलं. सोलूनही मीच दिलं, टरफलं खिशात ठेवली. सोमवारी तिच्या अंगावर उठलं. बुधवारी ताप आला. पुढच्या रविवारी ती गेली. इस्पितळाच्या व्हरांड्यात तू माझा खिसा उलटा केलास, टरफलं फरशीवर पडली, आणि तू म्हणालीस, "तूच मारलंस तिला."

अठ्ठावीस वर्षं झाली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मिरीच्या बाबांनाही नाही. मिरी पोटात होती तेव्हा मला वाटायचं, आपण आई होणं बरोबर नाही.

मी मारलं का तिला? हो किंवा नाही, एवढंच विचारतेय.

तुझी नात


२३ मे

पोरी,

पत्र पोचलं. अंगठा भरून आला का ते लिहिलं नाहीस.

डॉक्टर लोकांना रोज नवं काहीतरी सापडतं. रक्ताला डोळे असतात का, आपलं कोण आणि परकं कोण ते बघायला? चार गोळ्या घे म्हणाल्या तर घे, मी अडवत नाही.

तुझ्या आईला निमोनिया झाला होता. इस्पितळाच्या कागदावर तसंच लिहिलंय, तो कागद माझ्याकडे आहे. मी तेव्हा काय बोलले ते माझ्या लक्षात नाही. त्या दिवसांत माणूस काहीही बोलतं. जुनं उकरून कुणाचं पोट भरत नाही.

माझे पाय सुजलेत. शेजारणीनं मोज्यांची जोडी दिली, तीही दोन मापांची.

आजी


३० मे

आजी,

सर्जनच्या मोज्याचा रंग तुझ्या लक्षात आहे.

मी हो की नाही विचारलं होतं. ते येईपर्यंत मी लिहिणार नाही.

नात


२१ जून

पोरी,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं.

नाही. तू मारलं नाहीस.

हे आधीच लिहिलं, म्हणजे पुढचं वाचायचं नसेल तर तुला इथेच थांबता येईल.

तू लिहितेस, सोमवारी तिच्या अंगावर उठलं. शनिवारीही उठलं होतं. शुक्रवारीही. दोन वर्षं रोज उठत होतं, तू खिशातून अंडं नेलंस त्याच्या खूप आधीपासून. हे मला तेव्हा माहीत होतं. उलट्या खिशासमोर उभी होते तेव्हाही माहीत होतं.

दोन वर्षांत मी तिच्या ताटातून चौदा वस्तू काढल्या. शेवटच्या चार महिन्यांत पेज आणि मीठ एवढंच राहिलं होतं. ती माझं ऐकायची नाही असं मी तुला लिहिलं, ते खोटं. पाठ वळल्यावर खायची हेही खोटं. ती माझं सगळं ऐकायची. एकदाच ऐकलं नाही, त्या रविवारी.

थंडीच्या सुरुवातीला मी तिला धुलाईघरात नेऊन काट्यावर उभी केली, गाठोडी तोलायच्या काट्यावर. चौतीस किलो. ओल्या चादरींचं एक गाठोडं त्याहून जड असतं. बरोबरच्या बाईनं ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, काटा बिघडलाय.

इस्पितळात एक तरुण डॉक्टर होता, चष्मा नाकावरून घसरायचा त्याचा. तुझ्या हातची काच असती तर घसरला नसता. ती गेल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "बाई, निमोनिया होता हे खरं, पण ही उपाशी होती. हिच्या अंगात झुंजायला काही उरलेलंच नव्हतं." मी त्याला म्हणाले, आमच्या घरात कुणी उपाशी राहत नाही. आणि बाहेर व्हरांड्यात आले. तू बाकावर बसली होतीस. पाय जमिनीला पोचत नव्हते. मला त्या वेळी कुणीतरी हवं होतं, आणि तू समोर होतीस. बाकी काही कारण नाही. शोधलं मी.

आणखी एक आहे, ते तुला कुणीच सांगितलेलं नसणार. तुझ्या आईला पहिली गांध उठली त्याच्या चार वर्षं आधी शस्त्रक्रियेच्या चादरींवर तपकिरी ठिपके यायला लागले. मी ढीग ओतला. एकेक कपडा काढला, ठिपके येतच राहिले. कपडे संपले तेव्हा मी माणसांकडे वळले. एक नवी बाई होती, तिच्या एप्रनला लोखंडी बक्कल. मी वर जाऊन सांगितलं, हिच्या बकलाचा गंज लागतो. तिला काढून टाकलं. दोन लेकरं होती तिची, ती न्यायला यायची म्हणून माहीत. ठिपके थांबले नाहीत. तीन आठवड्यांनी मिस्त्रीनं यंत्राचा ढोल उघडला, तर आतल्या सांध्यालाच गंज होता. ज्यात धुवायचं तोच डाग पाडत होता. कपड्यांचा दोष नव्हता आणि बाईचाही नव्हता.

सगळ्यांनी तो ढोल बघितला. मीही बघितला. तरी घरी माझ्याच पोरीवर पाळी आली तेव्हा मी ताटाकडेच बघत राहिले. ताट मला समजत होतं. माझ्या हातात तेवढंच होतं.

तुझं मे महिन्याचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तो ढोल डोळ्यांसमोर आला. म्हणून तुला मोज्यांचं लिहिलं, दुसरं काही सुचेना.

माफी मागत नाही. मला ती मागता यायची नाही आणि तुला देता यायची नाही, उगाच दोघी अवघडून बसू. मिरीचे खिसे बघ असं लिहिलं तेही याच हातानं.

एक मात्र लिहून ठेवते, कारण ते बघायला घरात मीच होते. त्या रविवारी संध्याकाळी तुझी आई उशी मागे घेऊन बसली. कित्येक आठवड्यांत बसली नव्हती. तिनं तुला जवळ ओढून तुझी वेणी घातली, वाकडी. मी म्हणाले, आज बरी दिसतेस, बघ, नीट पथ्य पाळलं की फरक पडतो. ती हसली. का हसली ते मला दुसऱ्या रविवारी टरफलं बघून कळलं. चार महिन्यांत तिच्या पोटात गेलेलं तेवढंच एक अन्न होतं. ते तू दिलंस.

आजी


२ ऑगस्ट

आजी,

तुझं पत्र महिनाभर दुकानाच्या खणात ठेवलं होतं. आता तिथली नोकरीच राहिली नाही, म्हणून घरी आणलं. मालकांना दुसरी मिळायला जुलै उजाडला, पण त्यांनी शब्द पाळला. माझ्या जागी आलेल्या मुलीला चाक कसं धरायचं ते मीच शिकवलं. हात चांगला आहे तिचा. शेजारच्या गल्लीत एका घड्याळजीकडे अर्धा दिवस काम मिळालंय, घड्याळांच्या काचा बसवायचं.

नुसत्या गोळ्यांनी भागलं नाही. दोन इंजेक्शनं झाली. गांधी कमी आहेत, गेलेल्या नाहीत. पापण्या सुजत नाहीत. पाच किलो भरून आले. मिरी दारामागून बाहेर आली, पण जेवताना अजून दर घासाला माझ्याकडे बघते, मी घेतला की मग ती घेते. मांजर परत आणायला गेले होते. मास्तर म्हणाले, आता त्याला आमचीच सवय झालीय.

गेल्या रविवारी मी अंडं उकडलं. मिरीनं सोललं. भरवलंही तिनंच. सोमवारी सकाळी मी आरशासमोर उभी राहून मोजल्या. अकरा होत्या. रविवारी सकाळी, अंड्याच्या आधी, बारा होत्या.

मी तुला भेटायला येणार नाही. मिरीलाही आणणार नाही. शेजारणीला माझा पत्ता दिला आहे, पायांचं जास्त झालं तर ती कळवील.

एक विचारायचं राहिलं. तू काय काय काढलंस ते तुला ओळीनं पाठ असणार. त्यातलं आईला सगळ्यात जास्त काय आवडायचं ते लिही. मला आठवतं तेव्हापासून तिच्या ताटात काही नसायचंच.

नात


९ ऑगस्ट

पोरी,

अंडं. चांगलं कडक उकडलेलं, वर मीठ. पांढरं आधी खाऊन टाकायची. बलक मात्र जिभेवर ठेवून बसायची, आणि तो संपेपर्यंत कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

म्हणून तर ते पहिलं काढलं होतं.

आजी